भिंतीवरचा चेहरा

पालमच्या मोबाइलच्या दुकानात शिवरंजनी नवा फोन बघत होती. दुकानदार जीवननं त्याच फोनवर तिच्यासोबत आलेल्या आईचा, उमादेवींचा फोटो काढून दाखवला. त्यात आईच्या हनुवटीवरचं गोंदण पुसलं गेलं होतं आणि पडलेले दात परत आले होते.

"एआय करायलंय हे, मावशी. चेहरा देखणा करायची समद्या कंपन्यांची चढाओढ लागलीय," जीवन उमादेवींना म्हणाला.

शिवरंजनीला घरचा फोटो आठवला. वारलेल्या वडलांचा, दादांचा, जुना फोटो तिनं मागच्या महिन्यात असाच फोनवर साफ करून भिंतीवर लावला होता.

"आई, दादांचा फोटो बरोबर हाय ना?"

उमादेवी हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, मीच त्यांचा चेहरा विसरायलेय."

जुना फोटो तिनं तेव्हाच टाकून दिला होता; त्याची दुसरी प्रत सोनपेठच्या काकांकडं असली तर असली. फोन न घेताच शिवरंजनी आईला घेऊन तडक एसटी स्टँडकडं निघाली.