गुरुजींचा देव

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरच्या शाळेत तुळशीदास गुरुजींनी एका जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाचा फोटो लावला होता. वर्तमानपत्रातून कापलेला, चाकाच्या खुर्चीत मान कलंडून बसलेला माणूस. पाड्यावरच्या बायांनी पहिल्याच दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घातली आणि कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं. शाळेच्या भिंतीवर आहे म्हणजे देवच असणार, त्यातून पांगळा, म्हणजे चांगलाच कडक असणार! गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हाच माणूस सांगतो की देवबीव काही नाही!" बायांनी ऐकून घेतलं आणि माळ तशीच ठेवली. तेव्हापासून तो गुरुजींचा देव झाला.

गुरुजी याच डोंगरातले. माणूस सरळ, पण हट्टी. दरवर्षी ते मुलांना त्या शास्त्रज्ञाचं म्हणणं समजावून सांगत. मेंदू हे यंत्र आहे, त्याचे भाग निकामी झाले की ते थांबतं, आणि थांबलेल्या यंत्रासाठी कुठे स्वर्ग बांधून ठेवलेला नसतो. कुणाला वाईट वाटेल म्हणून खरं बदलत नाही, हे त्यांचं पालुपद. त्यांची एकुलती एक मुलगी रविना त्याच वर्गात बसायची. शाळेत बाबा म्हणायचं नाही, अशी तंबी त्यांनी तिला पहिलीतच दिली होती. पोर अशी शहाणी की घरीही गुरुजीच म्हणू लागली. तिची आई मंगळी आधी हसायची, मग तिच्याही ते अंगवळणी पडलं.

रविनाला सिकलसेल होता. आईबापांच्या रक्तातून तो कसा येतो, तेही गुरुजींनी तिला फळ्यावर आकृती काढून दाखवलं होतं. बाराव्या वर्षी दुखणं बळावलं. जव्हारहून नाशिकच्या इस्पितळात नेली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, "गुरुजी, मी बंद पडले की काय होईल?"

"काही नाही. दुखायचं थांबेल."

"मग तुमी दिसाल?"

मंगळी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की दगडालाही कळलं असतं. गुरुजींना कळलंही. पण जन्मभराची सवय जिभेवर बसली होती. "नाही," ते म्हणाले. रविनानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही.

पोर गेल्यावर चार महिने मंगळीनं काही मागितलं नाही. मग एक दिवस नाचणीचं पीठ मळता मळता म्हणाली, "पोरीचा दिवस घालू. मला तिचा आवाज एकदा ऐकायचा हाय." दिवस घालायचा म्हणजे भगतानं मेलेल्या माणसाला बोलवायचं आणि त्या माणसानं भगताच्या तोंडून घरच्यांशी बोलायचं. गुरुजींनी आयुष्यभर ज्याची टर उडवली, ते हेच. पण या खेपेला त्यांच्या तोंडून नाही निघालं नाही. बायकोसाठी करतो, असं ते सगळ्यांना सांगत होते. ते मात्र खोटं होतं.

वावर गावाकडचा बुधा भगत आला. त्यानं पोरीला कधी पाहिलं नव्हतं. अंगणात तांदळाची रास घातली, तिच्यावर रविनाची रिबन ठेवली. दोन भोपळ्यांची घांगळी वाजू लागली. भरदुपारी बुधा घुमू लागला, आणि त्याचा घोगरा आवाज बारीक झाला. "आये, माझं पाय दुखायचं थांबलं गं."

मंगळी हंबरडा फोडून पुढे सरकली. रविनाचे पाय दुखायचे हे पाड्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं, पण गुरुजींना त्या घडीला ते सुचलं नाही. ते मनातल्या मनात म्हणत होते. बोल पोरी, बोल. मी चुकलो म्हण. तो खुर्चीतला चुकला म्हण. एवढं एकदा म्हण, मी त्याचा फोटो चुलीत घालतो.

आवाज त्यांच्याकडे वळला. "तुमच्यावर माझा राग नाय, बाबा."

बाबा.

गुरुजी जागच्या जागी बसून राहिले. चार महिन्यांपूर्वी पोर एकदा गेली होती. ती आत्ता, भर अंगणात, पुन्हा गेली, आणि या वेळी मागे काहीच उरलं नाही.

लोक जेवून पांगले. मंगळी राशीजवळ बसली होती, रिबन बोटाला गुंडाळत. "तीच होती ना?" तिनं विचारलं.

गुरुजी म्हणाले, "तीच होती गं. अगदी तीच."

मंगळीनं रिबनवरची नजर उचलून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"तिनं तुमाला बाबा कवा म्हटलं?" ती म्हणाली. "पोर मरत होती तवा एक खोटं बोलवलं नाय तुमच्यानं. आता माझ्याशी कशाला बोलता?"

तिनं रिबन सोडवली, तांदळात ठेवली आणि रास सुपात भरायला घेतली.