बारमाही हिरवळ

आमच्या ह्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं, की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ते बाहेर निघत नाही. जन्मभर इथे उत्तरेतल्या संशोधन संस्थेत गवतांवर काम केलं, आणि निवृत्त झाल्यावर गोमती नगरातल्या घराच्या मागच्या अंगणात काय घातलं? प्लास्टिकचं गवत! निमित्त माकडांचं. खरं लॉन माकडं उपटून टाकायची, ते काही खोटं नाही. त्यात आमच्या सुबोधने गुडगावहून वडिलांना गोल्फची काठी आणि चेंडू पाठवले. झालं! चंद्रहासरावांना घरच्या घरी गोल्फचं मैदान हवं झालं.

खेळाला माझी ना नव्हती हो. मला धास्ती होती ती पायांची. साखरेमुळे ह्यांच्या तळपायांची जाणीव पार गेलेली आहे. मागे एकदा चपलेत खडा शिरला, हे दिवसभर त्याच्यावर चालले आणि शेवटी डाव्या पायाचं बोट काढावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अब इनके पैर आपको देखने हैं. अगली बार बात उँगली पर नहीं रुकेगी." तेव्हापासून झोपण्याआधी ह्यांचे तळवे मी बघते. आंघोळीच्या पाण्यात आधी माझा हात जातो. हे वैतागतात. वैतागू देत.

फेब्रुवारीत माणसं आली. माती खरवडली, गिट्टी आणि दगडाची भुकटी पसरून यंत्राने धाडधाड ठोकली. सगळं घर हादरत होतं. त्यावर हिरवा गालिचा अंथरून कडेने खिळे मारले आणि बारीक वाळू झाडूने आत सारली. एका बाजूला जरासा चढ, चेंडू पडायला भोक, त्यात लाल झेंडी. जाताना ठेकेदार म्हणाला, "कील वाले जूते मत पहनिएगा साहब, बाकी बारहों महीने हरी रहेगी."

ह्यांनी त्याचा अर्थ काय काढावा? पायात काहीच घालायचं नाही! बाहेरच्या चपला उंबऱ्याबाहेर, हा आपल्या घरांतला नियम त्यांनी त्या गालिच्याला लावला. देवळाबाहेर काढाव्यात तशा कडेला चपला काढून ठेवायचे. वर शहाणपणा, "अगं, गवतावर अनवाणी चाललेलं चांगलं असतं. डोळ्यांना, साखरेला. तुझी आईच सांगायची ना?"

"माझी आई दव पडलेल्या गवताचं सांगायची! हे गवत आहे का? बादल्या करतात त्यातलं आहे हे!"

हसले नुसते. गवताचा एवढा मोठा अभ्यासक, पण हिरवं दिसलं की भुलला.

मार्चपर्यंत बरं चाललं. खोटं कशाला सांगू, ऊन कोवळं असताना मीही चहा घेऊन तिथे बसायचे. एप्रिलमध्ये एका दुपारी भिंतीवरून मांजर त्या हिरवळीवर उतरलं, आणि उतरलं तसं कळवळून उडालं. मी जाऊन पाऊल टेकवलं. आई गं! तव्यावर पडल्यासारखा चटका बसला. बाजूची फरशीही तापली होती, पण इतकी नाही.

मी ह्यांना हाताला धरून आणलं. ह्यांनी चपला काढल्या, आणि मी अडवायच्या आत पाऊल ठेवून उभे राहिले. अगदी शांतपणे, प्रयोगशाळेत काहीतरी तपासावं तसे.

"मला तर काहीच भाजत नाही, नयना. तू फार बाऊ करतेस."

"तुमच्या पायांना काय कळतंय! मेलेत ते पाय!" मी ओरडले. बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा पडला, चपला घालून ते आत गेले.

सुबोधला फोन केला, तर तो म्हणतो, "अरे यार आई, पापा को एक ही तो शौक है. जूते पहना दो ना." म्हणून मी कापडी बूट आणले. फक्त सकाळी खेळायचं, बूट घालूनच, असं ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं. ते लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच हे कधीच कशाला हो म्हणत नाहीत, आणि तेच मला खटकत राहिलं.

मे महिन्यात भाचीचं लग्न निघालं. चिकनच्या भरतकामाचे कुर्ते घ्यायला शेजारच्या सुचित्राबरोबर मी चौकातल्या जुन्या बाजारात गेले. निघताना बजावलं, "लूच्या गरम झळा सुटल्यात, बाहेर पडू नका." येताना रहदारीत अडकलो. सुचित्रा बोलत होती, माझं लक्ष नव्हतं. घर गाठलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं, आणि मागचं दार सताड उघडं.

हे झेंडीपाशी उभे होते. डोक्याला टोपी, मानेभोवती ओला पंचा, खिशात कांदा, टेबलावर लिंबाच्या सरबताची बाटली. लूपासून जपायचं ते सगळं जपलं होतं. पाय उघडे.

"नयना! चढावरून चेंडू थेट आत गेला बघ!" इतकं खूश मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

"अहो, इकडे या. आधी इकडे या," मी म्हटलं.

"आलो गं. कधीपासून खेळतोय, बघ, जरासुद्धा त्रास नाही."

ते आले. नेहमीसारखेच चालत आले, हसत, काठी खांद्यावर टाकून, टेबलावरची बाटली हातात घेऊन. व्हरांड्याच्या पांढऱ्या फरशीवर चढले आणि माझी नजर खाली आहे हे पाहून त्यांनीही मागे वळून पाहिलं. त्यांच्या प्रत्येक पावलाखाली ओला ठसा उमटला होता, कडेने लालसर.

"बाटली गळतेय वाटतं," हे म्हणाले, आणि पुसायला फडकं शोधू लागले.