लग्नातली गाडी

येडगावात भिमाजींच्या अंगणात तीन गाड्या उभ्या होत्या आणि २००३च्या दसऱ्याला चौथी येणार होती. नवीकोरी स्कॉर्पिओ. गावात पहिली आपल्या दारात यावी, असं भिमाजींनी मनात धरलं होतं. त्यांनी सुतळी घेऊन अंगण मोजलं आणि तुळशीवृंदावन दोन हात मागं सरकवायला गवंडी बोलावला. तेव्हा त्यांची बायको अंजना ओसरीवरून म्हणाली, "तुळस हलायची न्हाई. काय हलवायचं ते गाड्या हलवा."

म्हणजे एक गाडी विकायची, हे ठरलं. कोणती, एवढाच प्रश्न उरला.

अँबॅसिडर भिमाजींची. ते सोसायटीचे चेअरमन असतानाची, तिच्याकडं ते कुणाला बोट करू देत नसत. जीप शेताची. मुलगा अमृत तीत टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजाराला जायचा. तिसरी पांढरी मारुती, सून आरतीच्या लग्नात आलेली. दोन वर्षं ती कव्हरखाली होती. पावण्यारावळ्यांच्या लग्नाला तेवढी बाहेर पडायची.

"जीप काढू," भिमाजी म्हणाले. "माल काय, टेम्पोनंबी जातो."

अमृतला ते पटलं नव्हतं, पण तो खाली बघून चपलेचा अंगठा नीट करत बसला.

आरती दारात गवार निवडत होती. ती म्हणाली, "मामा, मारुती विका."

"लग्नातली गाडी विकायची? पावण्यांनी दिलेली? लोक काय म्हणतील?"

"मागितली तवा लोक व्हतेच की."

या घरात सुनेनं असं तोंडावर बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. भिमाजी उठून मळ्याकडं गेले.

आरतीचं माहेर मढचं. तिचे वडील जानकू मढ ते ओतूर जीपमधून प्रवासी नेत. घरात गाडी ती एकच, आणि घर चालायचं ते तिच्यावर. पोरगी अठराची झाल्यावर त्यांनी तिला त्याच जीपवर शिकवलं, लायसनही काढून दिलं. पुढं सोयरीक जुळली. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी मध्यस्थानं निरोप आणला, मुलाला दारात गाडी शोभंल. जानकूंनी जीप विकली आणि मारुती घेतली. कागदावर मात्र नाव मुलीचं लावलं.

लग्नानंतर आरती पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा ओतूरच्या स्टँडवर तीच जीप उभी होती. तिचे वडील, आबाच, चालवत होते, पण पगारावर. "थांब पोरी," ते म्हणाले, "तुला पार घरापर्यंत सोडू का, मालकाला इचारून येतो." ते धावत टपरीकडं गेले. आरती पिशवी धरून उभी राहिली. दोन वर्षं झाली तरी ते धावणं तिच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं. मारुतीत बसायची वेळ आली की तिला घाम फुटायचा, आणि घरच्यांना वाटायचं, हिला गाडी लागते.

गुरुवारी सकाळी आळेफाट्याचा हौशीराम जीप बघायला आला. जुन्या गाड्यांची देवघेव हाच त्याचा धंदा. जीप मारुतीच्या पुढ्यात आडवी उभी होती. त्यानं बॉनेट उघडून आत डोकं घातलं, तेवढ्यात आरती घरातून बाहेर आली. हातात मारुतीची किल्ली आणि कागदांची पिशवी होती. तिनं कव्हर ओढून जमिनीवर टाकलं.

"हौशीरामभाऊ, जीप राहू द्या. ही बघा."

"सूनबाई, घरात जा," भिमाजी म्हणाले.

"जाईन. सही करून जाईन. कागदावर माझं नाव हाय."

हौशीराम भला माणूस होता. त्यानं बॉनेट लावलं, हात पुसले आणि तो भिमाजींना म्हणाला, "तात्या, तुमचं आधी घरात ठरू द्या. मी मागनं येतो."

"ठरलंय," आरती म्हणाली. "बसा, चक्कर मारू." ती स्टेअरिंगवर बसली आणि तिनं गाडी चालू केली. या घरात ती पहिल्यांदाच त्या जागी बसली होती.

भिमाजींनी आवाज चढवला. "अमृत, जीप हलवायची न्हाई! बघू कुठनं काढती ती!"

मागं गोठ्याची भिंत आणि पुढं जीप, मारुतीला दुसरी वाट नव्हती. आरतीनं नवऱ्याकडं पाहिलं. विनवलं नाही, इंजिनही बंद केलं नाही. अमृतनं एकदा बापाकडं बघितलं, मग तो गेला, जीपमध्ये बसला आणि ती मागं घेत थेट रस्त्यावर नेऊन उभी केली. दोनदा गिअर अडकला.

"बायकोचा बैल!" भिमाजी ओरडले.

"असू द्या," अमृत म्हणाला. बापाला त्यानं दिलेलं हे पहिलं उलट उत्तर.

गावाजवळच्या धरणाच्या कडेनं आरतीनं गाडी अशी सफाईनं नेली की हौशीरामनं न राहवून विचारलं, "ताई, कुणी शिकवलं?"

"माझ्या आबांनी. तुमच्याकडं एखादी चांगली जीप असंल तर सांगा. ही घ्या, ती द्या."

पंधरा दिवसांत अदलाबदल झाली. आबांची जुनी जीप मात्र मिळाली नाही, तिचा मालक ती सोडायला तयार नव्हता. हौशीरामनं दिली ती हिरव्या रंगाची होती आणि इंजिन दमदार होतं. ती घेऊन आरती आणि अमृत मढला गेले.

जानकू गाडीला हात लावीनात. "लेकीच्या सासरचं घेऊ? मेलो तरी न्हाई."

"सासरचं न्हाई, माझं हाय. कागदावरचं हे नाव वाचा."

"लोक तोंडात शेण घालतील, आरते."

"लोकांनी तुमची जीप जाताना बघितली, तवा कुणी काय म्हणलं?" तिनं किल्ली त्यांच्यापुढं धरली. "ही तुमी चालवायची. कुणाला इचारायला पळायचं न्हाई. न्हाई घेतली तर मी हितंच राहते आन् मीच वतूरच्या फेऱ्या मारते. बघा, जमतंय का तुमाला."

जानकू बराच वेळ बॉनेटवरचा धुरळा पंच्यानं पुसत राहिले. मग त्यांनी चटकन किल्ली घेतली.

दसऱ्याला स्कॉर्पिओ आली. लोक पेढे खाऊन विचारत, मारुती कुठंय? भिमाजी विषय बदलत. आरतीशी ते बोलत नव्हते. चहा हवा असला तरी अंजनाला सांगत. अंजना म्हणे, "ती समोरच उभी हाय, तिलाच सांगा," आणि मग ते चहाच नको म्हणत. आरतीही आपण होऊन माफी मागायला गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अमृतला कावीळ झाली. टोमॅटो तोडून पडला होता, भाव चढा होता, आणि गावातला एकही टेम्पो रिकामा नव्हता. भिमाजींना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. आरतीनं पदर खोचला, क्रेट भरून घेतले आणि जीप काढली. बाजारात आडत्याशी बोलायला घरचं जुनं माणूस हवं होतं. भिमाजी थोडा वेळ दारात घुटमळले, मग शेजारी येऊन बसले. रस्त्यानं ओळखीची माणसं थांबून बघत होती. भिमाजी समोर नजर लावून बसले होते आणि दोन्ही हातांनी पुढची दांडी घट्ट धरून होते.

पुलाजवळच्या वळणावर ते आठ महिन्यांनी सुनेशी पहिला शब्द बोलले. "हळू."

आरतीनं गिअर बदलला आणि वळण आहे त्याच वेगात काढलं.