सुरीची मूठ

गल्लीत तिला सगळे फौजदारबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. उलट बरंच वाटे. कोणाच्या घरी कोण आलं, किती वेळ बसलं आणि जाताना कोणाचं तोंड उतरलेलं होतं, हे तिला खिडकीत बसल्या बसल्या कळे. तिच्या घराचं छप्पर दुरुस्तीला निघालं म्हणून ती तीन आठवड्यांसाठी लेकीकडे राहायला आली, तेव्हा लेकीने दारातच हात जोडले.

"आई, इथे चौकशा नकोत हं. खा, पी, आराम कर."

"मी कशाला चौकशा करू? देवाने डोळे दिलेत, ते काय मिटून बसू?"

लेक एका मोठ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायच्या कामावर होती. सकाळी सातला जायची ती सहाला परतायची. जावई बसच्या दुरुस्ती कारखान्यात कामाला. त्याची पहाटेची पाळी, त्यामुळे दुपारी तीनला तो घरी. माणूस सज्जन दिसे, पण तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. विचारलं तेवढंच बोलणार, तेही अर्धं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला होता. जाग आली ती कसल्याशा आवाजाने. खर्र, खर्र, मग थोडा थांबा, पुन्हा खर्र. ती पाय न वाजवता उठली. गॅलरीत जावई दाराकडे पाठ करून पाटावर बसला होता. गुडघ्यांत वीतभर पात्याची सुरी धरलेली, पात्याला चिंधी गुंडाळलेली आणि मुठीवर तो काहीतरी घासत होता. तिची चाहूल लागताच त्याने सुरीवर वर्तमानपत्र ओढलं.

"काय चाललंय, जावईबापू?"

"काही नाही. असंच."

माणूस असंच लोळतो, असंच फिरायला जातो. सुरी लपवून असंच कोणी बसत नाही. फौजदारबाईच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना तिने गॅलरी धुंडाळली. पाण्याच्या पिंपामागे पत्र्याचा डबा होता. आत सुरी, एक कानस, पॉलिशपेपरचे तीन तुकडे आणि मेणाचा एक गोळा. गोळ्यावर पाच बोटं खोल रुतलेली. तिने आपली बोटं त्या खळग्यांवर धरून पाहिली. जावयाची बोटं राकट, ही तर बारीक. करंगळी जराशी वाकडी. लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली ती करंगळी तिने स्वतः हळद लावून बांधली होती. म्हणजे हात लेकीचाच.

सुरीबरोबर पोरीच्या हाताचा ठसा कशाला लपवून ठेवायचा? डबा होता तसा ठेवला, पण त्या संध्याकाळी तिची नजर लेकीवरून हलेना. एवढ्या उकाड्यात पोरीने लांब बाह्या घातलेल्या. वाढताना बाही जरा सरकली आणि मनगटावर दोन बोटं रुंद लाल पट्टा दिसला.

"हे काय गं?"

"काही नाही. बांगडी रुतली."

"एवढी रुंद बांगडी? मला दाखव तरी."

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ताटात मान घातली. एवढ्यात लेकीच्या हातून पेला निसटला, पाणी सगळीकडे झालं, आणि तो चटकन उठून म्हणाला, "राहू दे, मी पुसतो." स्वतःहून बोललेलं त्याचं हे त्या दिवसातलं पहिलं वाक्य.

जेवणं उरकली. ती दोघं आपल्या खोलीत गेली. फौजदारबाई दाराजवळच्या चपला सारख्या करायला वाकली ती वाकलेलीच राहिली. आतून जावयाचा आवाज आला.

"हात पुढे कर. घट्ट बांधतो. हलू नकोस."

"दुखतंय हो."

"दुखणारच. आणि आईंना यातलं काही कळता कामा नये."

ओरडावं तर पोरीचे आणखी हाल. सकाळ होईपर्यंत तिने कशीबशी कळ काढली. दोघं कामावर जाताच तो डबा उचलला आणि आपल्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी नेऊन ठेवला. कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली.

तीनला जावई आला. पिंपामागे पाहिलं, पिंपाखाली पाहिलं, मग दारात येऊन उभा राहिला.

"आई, इथला पत्र्याचा डबा पाहिलात?"

"नाही बुवा. काय होतं त्यात?"

"काही नाही," तो म्हणाला आणि तीन तास भिंतीला टेकून बसून राहिला.

सहाला लेक आली. तिने चप्पल काढायच्या आत फौजदारबाईने दाराला कडी घातली.

"सुरी माझ्याकडे आहे. आधी मनगट दाखव. आणि जावईबापू, तुम्ही तिला बांधून ठेवता, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. आता नाही म्हणू नका."

जावयाचा चेहरा लालबुंद झाला. तो उठला, खोलीत गेला, आणि मधे पत्र्याची पट्टी शिवलेला एक जाड कापडी पट्टा आणून त्याने तिच्यासमोर ठेवला.

"हे बांधतो," तो म्हणाला.

पुढचं लेकीने सांगितलं. सहा महिन्यांपासून तिचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत होती. मनगटातली नस दबली होती. झोपताना मनगट सरळ राहावं म्हणून डॉक्टरांनी पट्टा दिला होता. पुढेमागे छोटं ऑपरेशन करावं लागणार होतं. कामावरच्या सुऱ्यांच्या मुठी तर करवतीने कापून तशाच बसवलेल्या, चौकोनी, पातं धरणाऱ्या रिव्हेटी वर आलेल्या; त्यातलीच एक सुरी ती घरी घेऊन आली होती. कांद्याची दोन पोती चिरेपर्यंत हात आपला की परक्याचा तेच कळेनासं होई.

"म्हणून हे मूठ घासताहेत. माझी पकड कशी बसते ते बघायला मेण दाबून घेतलं. बस्स, एवढंच."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तू दुसऱ्या दिवशी वसतिगृहात जाऊन मुकादमबाईंशी भांडली असतीस. त्यांना कळलं असतं तर मला भांडी घासायला बसवलं असतं."

हे खोटं नव्हतं. दाराची कडी काढून फौजदारबाई खाली बसली.

"माझी धाकटी बहीण," ती म्हणाली, "अकरा वर्षं लांब बाह्या घालत होती. मला दिसत होतं. म्हटलं, चांगलं घर आहे, आपण कशाला नाक खुपसा. मग तिचा कान गेला."

"मावशी जिन्यावरून पडली होती ना?" लेकीने विचारलं.

"सगळ्यांना तसंच सांगितलं. मीही तसंच सांगितलं."

जावई गॅलरीत निघून गेला. दोन दिवस तो सासूशी एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनेच डबा काढून त्याच्यापुढे ठेवला आणि शेजारी पाट ओढून बसली. त्याने पात्याला चिंधी गुंडाळली, कानशीने रिव्हेटीची डोकी लाकडाच्या बरोबरीला आणली, मग आधी भरड, मग बारीक कागद फिरवला. ओल्या फडक्याने मूठ पुसून उन्हात ठेवली. "ओलं झालं की लाकडाचे तंतू उभे राहतात," त्याने सांगितलं, "ते वाळल्यावर परत घासायचे." एवढं लांब वाक्य तिने त्याच्याकडून प्रथमच ऐकलं.

मूठ वाळली, घासून झाली. तिने हातात घेऊन उलटसुलट केली, मग उठून कापसाचा पुंजका आणला.

"हा फिरवा. बोट फसतं, कापूस फसत नाही."

कापूस बोटाच्या खाचेपाशी अडकला. बारीक कुसळ होतं. पुन्हा फिरवला, दुसऱ्या टोकाला अडकला. तिसऱ्यांदा तो कुठेच अडकला नाही. तेव्हा जावयाने जवसाचं तेल चोळलं.

"तुमचा राग आला होता," तो मुठीकडे बघत म्हणाला. "अजूनही आहे थोडा. पण पट्टा मीच चोरून आणल्यासारखा लपवत होतो, तेव्हा..." पुढचं त्याने गिळलं. तिनेही ओढून काढलं नाही. तिच्या आयुष्यात असं क्वचितच घडलं होतं.

नव्या मुठीने काही जादू झाली नाही. पण जो हात नवाच्या सुमाराला झोपी जाई, तो आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकू लागला. महिन्याभरात मुकादमबाईला कळलंच. तिने लेकीला भांड्यांऐवजी तांदूळ निवडायला बसवलं, तेही ऑपरेशन होईपर्यंत. टाके निघाल्यावर लेकीने पहिल्यांदा सुरी धरली ती घरच्याच ओट्यापाशी. समोर एक दोडका. ऑपरेशनसाठी पुन्हा राहायला आलेली आई एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला.

"तुम्ही दोघं असे टक लावून उभे राहिलात तर बोट कापून घेईन मी," ती म्हणाली.

दोघंही एक एक पाऊल मागे सरकली. तिने दोडका चिरला.