चार बोटं उंच टेबल

वहीत तीन रकाने होते. आखणी सुताराच्या हातची, त्यामुळे केसभरही वाकडी नाही. अक्षर मात्र कोंबडीचे पाय.

*केव्हा. किती वेळ. तेव्हा काय करत होतो.*

*सोमवार सकाळ. दहा श्वास. दाराच्या फळीवर रंधा मारत होतो, दादाची आठवण आली.*

*मंगळवार दुपार. तेवढाच वेळ. रंधा. लाकूड गाठाळ निघालं. दादाने असलं लाकूड आत येऊच दिलं नसतं.*

*गुरुवार. जरा जास्त. रंधा. समोरून दादासारखा कुणीतरी गेला. तो नव्हता.*

थांबा. आधी वही कुठून आली ते सांगायला हवं.

तेवीस वर्षांच्या पोराच्या छातीत कळ येते म्हटल्यावर घरात काय होतं, हे सांगायला नकोच. त्यातून मामा चाळिशीतच हृदयाने गेलेला. पोराने महिनाभर कुणाला पत्ता लागू दिला नाही. मग एकदा जेवताना हात छातीवर गेला आणि आईने तो पाहिला. ती ताट अर्धवट ठेवून उठली आणि पायात चपला अडकवल्या.

"आत्ता? अगं, हात तरी धुऊ दे."

"वाटेत धू."

डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम काढला. जिने चढताना दुखतं का, चक्कर येते का, श्वास अडकतो का, धडधडतं का, सगळं विचारलं. मामाचंही विचारून घेतलं. कागदाची पट्टी दोनदा पाहून म्हणाल्या, "हृदय ठणठणीत दिसतंय."

"मग दुखतंय काय?" आई म्हणाली. जणू बाईंनीच काहीतरी लपवून ठेवलं होतं.

"तरुण वयात अधूनमधून दुखायला कारणं पुष्कळ असतात. स्नायू, बरगड्या, पित्त, मनावरचा ताण. कधी फुप्फुसही असतं. हृदय क्वचित, पण ते आधी बघावंच लागतं. आता पंधरा दिवस लिहून आणायचं. आणि घाम फुटला, दम लागला, भोवळ आली, तर वही बाजूला ठेवून थेट इथे यायचं. कळलं?"

"ताणच असेल," पोरगा म्हणाला. "थोरला भाऊ बाहेर आहे. आठवण येते."

आईने एकदम खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

तर भाऊ. घरच्या सुतारीच्या कारखान्यात अडीचेक वर्षं रंधा मारणारे दोघंच होते, दादा आणि हा. दादा ताडमाड, हा त्याच्या खांद्याला लागणारा. म्हणून दादाने त्याचं नाव छटाक ठेवलं आणि तेच गावभर झालं. एकोणीस महिन्यांपूर्वी दादा मोठ्या जहाजांवरच्या सुतारकामाला गेला. सहा महिन्यांत येतो म्हणाला होता. आता रविवारी फोन येतो, तोही मागे यंत्रांची घरघर घेऊन.

रंध्याचं टेबल दादाच्या उंचीचं होतं. छटाकाने ते तसंच ठेवलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण टेबलाचे पाय कापायचे म्हणजे दादा आता येत नाही असं स्वतःच्या हाताने लिहून देणं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. दादा येईल, अंगरखा खुंटीला लावेल, टेबलाशी उभा राहील आणि टेबल त्याला बरोबर असेल. एवढ्यासाठी एकोणीस महिने छटाक टाचा उंचावून रंधा मारत होता.

पॉलिशवाले काका वडिलांच्या वेळेपासून तिथे होते. ते म्हणायचे, "अरे, रंधा मारतोयस का भिंतीवरून शेजारणीशी बोलतोयस?"

*शनिवार. नाही. दिवसभर खुर्च्यांना वेत घातला, जमिनीवर बसून. आठवण खूप आली.*

*सोमवार. वीस श्वास. रंधा. पायाखाली फळी घेतली, चालताना फळीवरून पडलो. काका हसले. दादा असता तर आधी उचललं असतं, मग हसला असता.*

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी वही वाचली. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तू काय करत होतास ते मी विचारलं होतं. कुणाची आठवण काढत होतास ते नव्हे."

त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि दादा जिथे जिथे होता तिथे तिथे रेघ मारली. आठवण आली, रेघ. दादासारखा कुणीतरी, रेघ. दादा असता तर, रेघ. छटाक खुर्चीची कडा धरून बघत राहिला. पंधरा दिवसांत एवढा जमवलेला दादा दोन मिनिटांत संपला.

"आता वाच, काय उरलं?"

"रंधा," तो म्हणाला. "रंधा. रंधा. नाही. रंधा."

"आणि ज्या दिवशी नाही, त्या दिवशी आठवण होतीच की." त्यांनी छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला एक बोट टेकवलं आणि दाबलं.

"आई गं!"

"हीच ना ती कळ?"

हीच होती. एवढी मोठी धास्ती, आणि एका बोटाखाली मावली.

"बरगडी हाडाला जिथे जोडलेली असते तिथली कूर्चा दुखावलीय. टेबल तुला उंच पडतं का रे?"

आई म्हणाली, "पडतं. पण मी कशाला बोलू? दोघा भावांचं आहे."

"उतरवा," बाई म्हणाल्या. "औषध चार दिवस. टेबल तसंच राहिलं तर कळही राहील."

दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला हात सोडून सरळ उभं केलं आणि मनगटाशी खूण केली. "इथवर पाहिजे. चार बोटं जास्त आहे. बापाचीच उंची घेतलीयस बघ."

दोघांनी टेबल उताणं केलं. छटाकाने काटकोनी गुण्या लावून पायावर रेघ ओढली, करवत टेकवली, उचलली. पाणी पिऊन आला. पुन्हा टेकवली.

"कापतोयस का पायाला गोंजारतोयस?"

त्याने ओढली. रंगाचा पापुद्रा उडाला. खाली, त्याच्या रेघेला जवळजवळ लागूनच, आधीची एक बारीक रेघ होती. सांधा.

त्याने करवत ठेवली आणि लाकडी मोगरीने पायाला बाजूने ठोका दिला. खालचा तुकडा हलला. दुसऱ्या ठोक्याला आतल्या लाकडी खुंटीसकट हातात आला. चार पाय, चार तुकडे. खुंट्या कोरड्या ठणठणीत. चिकटवायच्या सरसाचा एक थेंब नाही.

"हे वडिलांचंच टेबल," काका म्हणाले. "चार वर्षांपूर्वी थोरल्याने वाढवलं, तू कामाला यायच्या आधी. रंग मीच मारला त्यावर."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? मला वाटलं, तुला मिरवायला आवडतंय."

छटाक तुकडे घेऊन जमिनीवरच बसला. दादा सरसाशिवाय सांधा सोडणारा माणूस नव्हता. पाटाला, पोरांच्या गाडीला, उंदराच्या पिंजऱ्यालासुद्धा तो सरस लावायचा. मग ज्या टेबलावर जन्मभर काम करायचं त्याला नाही?

रविवारी फोन आला. मागे घरघर.

"दादा, टेबल उतरवलं."

"आत्ता?" दादा हसला. "अरे छटाक, मला वाटलं, मी गेलो त्याच दिवशी ते तुकडे काढले असशील. दोन ठोक्यांचं तर काम."

"सरस लावला नव्हतास."

घरघर.

"दादा?"

"हं. नव्हता लावला."

"टेबल वाढवून चार वर्षं झाली. तेव्हापासूनच जायचं..."

"छाती कशी आहे तुझी? आई सांगत होती."

"बरी आहे. तू येतोयस ना?"

कारखान्यात दादाने कधी कुठल्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. जे काम करायचं नसे त्याला तो फार गोड आवाजात एकच शब्द म्हणायचा, आणि जुनी गिऱ्हाइकं तो ऐकल्याबरोबर आपली मापं खिशात घालून निघायची.

"बघू," दादा म्हणाला.

चार तुकडे छटाकाने खिडकीत रांगेने ठेवले. जळणात टाकले नाहीत. टेबल आता बरोबर मनगटाशी आलं. रंधा असा पळायला लागला की लांबच लांब ढलप्या निघू लागल्या आणि काकांना टोमणा मारायला जागाच उरली नाही. बाईंनी आणखी आठवडाभर लिहायला सांगितलं होतं. त्याने लिहिलं.

*सोमवार. नाही. रंधा.*

*मंगळवार. नाही. रंधा.*

*रविवार. फोन ठेवल्यावर. अजून चालू आहे. काही करत नव्हतो. बाईंसारखं बोटाने दाबून पाहिलं, हाडाच्या कडेने, वर, खाली. कुठेच दुखत नाही. जागा सापडली नाही.*