चिमट्याच्या खोलीतली ऊब

चिमट्याच्या खोलीत कोणी बसायचं नसतं, हे प्रयोगशाळेतल्या ताईंना तोंडपाठ होतं. खोली कपाटाएवढी, आणि काम इतकं नाजूक की माणसाच्या अंगाच्या उबेनंही बिनसावं. लेझरच्या झोताच्या चिमट्यात दोन सूक्ष्म मणी पकडायचे, त्यांच्यामध्ये प्रथिनाचा एक धागा ताणायचा आणि त्याची घडी किती जोरानं उलगडते ते मोजायचं. धाकट्या बहिणीच्या आजारात हीच घडी आवळून बसते. एकविसाव्या औषधानं ती अलगद सुटू लागली, तेव्हा ताईंनी लगोलग बहिणीला फोन केला होता.

"म्हणजे तुझ्या त्या उजेडाच्या चिमट्यानं भुवया कोरण्यापलीकडे काहीतरी केलं म्हणायचं!" बहीण हसता हसता रडली होती.

सोमवारी औषध पुढच्या चाचण्यांना जायचं होतं. शुक्रवारी आकडे चाळायला बसला तो सहकारी, ज्याला सगळे 'वकील' म्हणत.

"ताई, राग मानू नका. औषधाशिवायची मोजणी नेहमी सकाळी, औषध घालून नेहमी दुपारी. असं का?"

"सवय हो. दुसरं काय?"

"आणि तुम्ही बसता कुठे?"

ताईंनी आतल्या स्टुलाकडे पाहिलं.

बाहेरच्या टेबलाशी चौघं सहकारी बसत. ताई तिथे गेल्या की त्यांच्या गप्पा आटोपत. म्हणून ताई आत, यंत्राच्या गुणगुणीजवळ स्टूल ओढून बसत. चार महिने. दाराशी लावलेल्या तापमापकाला यंत्राजवळच्या उबेचा काही पत्ता नव्हता.

शनिवारी इमारतीत चिटपाखरू नव्हतं. ताई बाहेर बसल्या आणि क्रम उलटा केला. आधी औषध घालून, मग औषधाशिवाय. घडी दोन्ही वेळा सारख्याच जोरानं सुटली. औषधाच्या अंगी काहीच गुण नव्हता.

त्यांनी सगळी चूक स्वतःच्या माथी घेऊन अहवाल धाडला. मग बहिणीला फोन लावला.

"ते औषध नव्हतं गं. मी चार महिने आत बसून बसून दुपारपर्यंत खोली तापवत होते, त्यानं घडी सुटत होती."



"चार महिने त्या खोलीत एकटी बसलीस? आणि मला सांगायचीस, सगळ्यांबरोबर हसून हसून पोट दुखतं म्हणून!"

"औषधाचं बोल ना. शिव्या दे मला."

"देईन सावकाश. आधी त्या खोलीतून बाहेर ये बघू."

"आज बाहेरच बसलेय," ताई म्हणाल्या. "इथे कोणी नाहीये गं."