थेंबमास्तरांचा डावा डोळा

"अठ्ठावीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी यंत्राचा निळा दिवा बंद केला. "गेल्या महिन्यात डोळ्याचं प्रेशर सव्वीस होतं. मास्तर, औषध रोज पडतंय ना?"

मास्तरांनी पट्टीवरची हनुवटी उचलली. ते काही बोलायच्या आत बाईंना स्वतःच्याच प्रश्नाचं हसू आलं. "मी तरी कुणाला विचारतेय! थेंब टाकायला मला शिकवलं तुम्हीच."

"रोज टाकतो," मास्तर म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला ते बाटली उघडत, मान मागे टाकत आणि औषध टाकत. ते पडतं कुठे, हे बाईंनी विचारलं नाही, आणि न विचारता सांगण्याचा मास्तरांचा स्वभाव नव्हता.

याच दवाखान्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. तळमजल्यावर पडदे ओढलेला एक लांब बोळ होता. त्यात भिंतीला लागून बाकं आणि बाकांवर डोळे मिटून बसलेली माणसं. डॉक्टरांना डोळ्याच्या आतलं दिसावं म्हणून आधी बाहुली मोठी करावी लागते. त्यासाठी प्रत्येकाला दहा-दहा मिनिटांनी तीनदा थेंब टाकायचे, हे मास्तरांचं काम. "वर बघा" एवढे दोनच शब्द ते बोलत. माणूस वर बघेपर्यंत त्यांच्या अंगठ्याने खालची पापणी ओढलेली असे, तिथे झालेल्या इवल्याशा खिशात थेंब पडलेला असे आणि मास्तर पुढच्या माणसापाशी पोचलेले असत. रडणारी पोरं असोत की आरडाओरडा करणारे बडे साहेब, त्यांचा नेम कधी चुकला नाही. कुणीतरी त्यांना थेंबमास्तर म्हटलं आणि ते नाव त्यांना असं चिकटलं, की निवृत्तीच्या हारासोबत दिलेल्या पाटीवरही तेच लिहिलेलं होतं.

अशा माणसाला आपले स्वतःचे डोळे एकदा तपासून घ्यावेत असं एकतीस वर्षांत सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. निवृत्तीनंतर चार वर्षांनी जिन्यात ठेचकाळले तेव्हा कळलं, की काचबिंदूने उजवा डोळा गुपचूप खाऊन टाकला आहे. आता जे काही होतं ते डाव्या डोळ्यात. त्याचं प्रेशर खाली ठेवायचं, तर रोज एक थेंब. एवढं सोपं औषध.

पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांवर चाललेला हात स्वतःच्या डोळ्यावर आला की लटपटायचा. लटपटण्याचा भाग वयाचा होता. पण खरी अडचण वेगळीच होती. ज्या डोळ्यात औषध टाकायचं, त्याच एका डोळ्याने बाटलीवर नजर ठेवायची. चोरालाच राखणीला बसवण्यातला प्रकार. एका डोळ्याला जवळ-लांब कळत नाही. बाटली कधी भुवईवर जाई, कधी नाकावर, आणि एकदा तर तिचं टोक सरळ बुबुळात गेलं.

त्यांना युक्त्या काय कमी माहीत होत्या? आरसा घेऊन झाला, आडवं होऊन झालं. लहान मुलांसाठीची युक्ती झाली: मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा आणि मग डोळा उघडायचा. तो थेंब कोपऱ्यात थांबायच्या ऐवजी घरंगळत कानात जाऊन बसला. थेंब पडलेला कळावा म्हणून ते बाटली फ्रिजमध्ये ठेवू लागले. गार थेंब बरोबर कळायचा. कळायचा तो गालावर.

महिनाभराची बाटली दहा दिवसांत संपू लागली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या ते लक्षात आलं. पन्नाशीचा, जाडजूड, गिऱ्हाइकांची फिरकी घेतल्याशिवाय ज्याला सुटे पैसे परत देता येत नाहीत असा तो माणूस. त्याने विचारलं, "मास्तर, डोळ्यात टाकता का चहात?" दुकानातली दोन-चार माणसं हसली. मास्तरही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते दोन गल्ल्या ओलांडून लांबच्या दुकानात जाऊ लागले.

सांगून टाकायला काय हरकत होती? हरकत एवढीच, की बोळातल्या त्या बाकांवर कित्येक म्हातारी माणसं त्यांना विचारायची, "मास्तर, घरी थेंब जमत नाही हो, आणि टाकणारंही कुणी नाही." मास्तर म्हणायचे, "त्यात काय आहे न जमण्यासारखं? आणि शेजारी असेल की कुणीतरी." म्हणेपर्यंत ते पुढच्या बाकाकडे वळलेलेही असायचे. आता तेच वाक्य आपण कुणाच्या तोंडून ऐकायचं, याची त्यांना लाज वाटत होती. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा परदेशात. समोरच्या खोलीतलं जोडपं नोकरीवालं, दाराबाहेर भेटलं तर मान हलवणारं. मास्तरांच्या घरात दिवसचे दिवस कुणाचा आवाज नसे. कधी कधी दुपारी ते कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजत, तेवढाच.

बाईंनी आधी दुसरं औषध जोडलं, मग तिसरं. आता गालावर तीन औषधं पडू लागली. त्या दिवशी, अठ्ठावीस आकडा लिहून झाल्यावर, बाईंनी पेन खाली ठेवलं.

"औषधांनी उतरत नाही म्हणजे ऑपरेशनच करावं लागणार. डोळ्यातलं पाणी बाहेर जायला वाट करून द्यायची. एरवी मला भीती वाटत नाही. पण तुमचा हा एकच डोळा आहे. क्वचित कुणाचा ऑपरेशनमध्येच जातो, हे तुम्हाला मी काय सांगणार? नाही केलं तर वर्षभरात तसाही जाईल."

 गुरुवार ठरला. मंगळवारीच दाखल व्हा, सोबत कुणाला तरी आणा, असं बाई म्हणाल्या. फॉर्मवर सोबतच्या माणसाच्या रकान्यात मास्तरांनी 'मुलगा' लिहिलं. रात्री मुलाचा फोन आला तेव्हा तो बिचारा खरंच कळवळला. लगेच निघणं जमत नाही म्हणाला, पैशांची काळजी करू नका म्हणाला आणि शेवटी भीत भीत म्हणाला, "बाबा, थेंब नीट टाकताय ना?"

"मला शिकवतोस?" मास्तर म्हणाले, आणि दोघेही हसले.

मंगळवारी ते एकटेच पिशवी घेऊन वॉर्डात गेले. तिथली सिस्टर नवी होती, तिला थेंबमास्तर वगैरे काही माहीत नव्हतं. ठरल्या वेळेला ती आली, "वर बघा आजोबा" म्हणाली, आणि मास्तर वर बघेपर्यंत थेंब पडून ती पुढच्या खाटेकडे गेली होती. डोळा चुरचुरला. थोड्या वेळाने डोळ्यातून उतरलेल्या औषधाची कडू चव घशाशी आली. मास्तर ती चव घोळवत पडून राहिले. आठ महिन्यांत ती एकदाही आली नव्हती, आणि ती का आली नव्हती हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? मंगळवारी संध्याकाळी, बुधवारी सकाळी, बुधवारी संध्याकाळी सिस्टर घड्याळ लावल्यासारखी येत राहिली.

गुरुवारी सकाळी ऑपरेशनचा हिरवा झगा घालून मास्तर यंत्रासमोर बसले. बाईंनी प्रेशर पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"चौदा," त्या म्हणाल्या.

दाराशी स्ट्रेचर घेऊन माणूस उभा होता. बाईंनी त्याला हाताने थांबायला सांगितलं. त्यांनी कागद मागे उलटला, आधीचे आकडे पाहिले, वॉर्डचा तक्ता पाहिला आणि मग त्या मास्तरांकडे बघत राहिल्या. विचारलं मात्र काही नाही. 'जागा बदलली की उतरतं कधी कधी' असं काहीतरी म्हणून मास्तरांना वेळ मारून नेता आली असती. डोळा त्यांचा होता आणि अब्रूही त्यांचीच होती. दोन्ही राखता येणार नाहीत, एवढं त्यांना दिसत होतं.

"घरी डोळ्यात जात नाही, बाई," मास्तर म्हणाले. "गालावर जातं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "मास्तर, मी आत्ता तुमचा डोळा कापणार होते."

 मग बाई रागावल्या, पण तो राग अर्ध्यातच स्वतःवर वळला. दुसऱ्या प्रत्येक पेशंटच्या हातात मी बाटली देते आणि टाकून दाखवा म्हणते, त्या म्हणाल्या, तुमच्या हातात द्यायला मला संकोच वाटला. त्यांनी स्ट्रेचर परत पाठवलं. ऑपरेशन पंधरा दिवस पुढे ढकललं. या पंधरा दिवसांत प्रेशर असंच राहिलं तर सुरीची गरज नाही. नंतर जोडलेली दोन औषधं बंद, पहिलं एकच, पण रोज, आणि दुसऱ्या माणसाच्या हातून.

"घरी कोण आहे?"

"कुणी नाही."

 बाई काय म्हणणार ते मास्तरांना आधीच ठाऊक होतं. "शेजारी असेल की कुणीतरी," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटचा कागद त्यांनी जवळ ओढला.

संध्याकाळी सातला मास्तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात उभे राहिले. तीन महिन्यांनी ते तिथे येत होते. येण्याआधी समोरच्या जोडप्याच्या दाराला कुलूप बघून आले होते. गिऱ्हाइकं जाईपर्यंत ते बाजूला थांबले, पण एक गेलं की दुसरं येई. शेवटी त्यांनी खिशातून बाटली काढून काउंटरवर ठेवली.

"ही परत घ्यायची?" औषधवाला म्हणाला.

"नाही. टाकायची. मला जमत नाही." मग शब्द सुचेनात तसे ते म्हणाले, "रोज एकदाच. अर्धं मिनिट लागतं."

औषधवाल्याच्या ओठावर काहीतरी आलं होतं. ते त्याने गिळलं. काउंटरची फळी उचलून त्याने स्टूल पुढे सरकवलं. मास्तर बसले, त्यांनी मान मागे टाकली. रस्त्यावरून जाणारं-येणारं बघत होतं. पहिला थेंब पापणीवर पडला.

"खोकी उचलणारे हात आहेत हो हे," औषधवाला म्हणाला. "डोळ्याबिळ्याची भीती वाटते मला."

"भिऊ नका. अंगठ्याने खालची पापणी ओढा. आणखी. आता आत खिसा दिसतोय ना? तिथे सोडा. बाटली टेकवू नका." नव्या डॉक्टरांना शिकवायचे तोच आवाज लागला होता. दुसरा थेंब बरोबर आत गेला, आणि औषधवाला लहान मुलासारखा खूश झाला.

त्याचा अंगठा जाड होता, खरखरीत होता आणि त्याला खोकल्याच्या औषधाचा वास येत होता. दवाखाना सोडला तर सहा वर्षांत मास्तरांच्या चेहऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता. हे त्यांच्या आत्ताच, स्टुलावर बसल्यावर लक्षात आलं.

"झालं ना?" औषधवाल्याने विचारलं.

"नाही. आता नाकाजवळच्या या कोपऱ्यात बोट दाबून धरायचं. दोन मिनिटं. नाहीतर औषध डोळ्यातून घशात उतरतं."

हे खरंच होतं. ते बोट ज्याचं त्याला धरता येतं, हात कापत असला तरी धरता येतं, हेही तितकंच खरं होतं. एकतीस वर्षं मास्तरांनी पेशंटना तसंच सांगितलं होतं. आज तेवढं त्यांनी सांगितलं नाही.

औषधवाल्याने बोट ठेवलं. काउंटरपाशी कुणीतरी तापाच्या गोळ्या मागितल्या, त्याने थांबायला सांगितलं. दुकानातला पंखा फिरत होता. घड्याळ न बघता मिनिटं मोजण्याची मास्तरांची सवय अजून गेली नव्हती. दोन मिनिटं होऊन वर आणखी थोडी झाली, हे त्यांना नेमकं कळलं.

"झाली का हो दोन?" औषधवाल्याने विचारलं.

"अजून थोडा वेळ," मास्तर डोळा मिटूनच म्हणाले.